स्लिपवरची टिकली

भोईर मावशींच्या स्वतःच्या कपाळावर टिकली नसे, पण त्यांच्या पिशवीत टिकल्यांचं पाकीट कायम असे. लाल, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या टिकल्या. बदली होऊन आलेल्या एका कॅशिअरबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मावशी, तुम्ही लावत नाही, मग घेता कुणासाठी?"

पाकीट पिशवीत टाकत मावशी म्हणाल्या, "चेकासाठी."

मावशी डोंबिवली पूर्वेच्या आमच्या शाखेत शिपाई होत्या. राहायला माजिवड्याला, जुन्या गावात. सासरे मिठागरात कामाला होते, नवरा आमच्याच बँकेत शिपाई. तो गेल्यावर त्याच्या जागी यांना घेतलं. तेव्हा त्या सातवी शिकलेल्या होत्या. चहा देणं, फायली उचलणं, टेबलं पुसणं हे त्यांचं काम. चेकची पेटी रोज उघडून, स्लिप आणि चेक जुळवून क्लिअरिंगच्या टेबलावर आणून ठेवणं हेही त्यांचंच. त्या पेटीची किल्ली त्या कमरेला खोचत. एकदा साहेबांनी ती ड्रॉवरमध्ये ठेवायला सांगितली, तर म्हणाल्या, "ड्रॉवर घरी येत नाय माज्याबरोबर."

क्लिअरिंगच्या त्या टेबलावर मी बसायची. मी मुरबाडची. वडील एसटी कँटीनमध्ये भजी तळायचे. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. बी.कॉम.ला मी चेकचे प्रकार पाठ केले होते, परीक्षेत त्या प्रश्नाला पूर्ण मार्कही मिळाले होते. पण आमच्या घरात कधी चेक आलाच नव्हता. खरा चेक मी पहिल्यांदा हातात घेतला तो नोकरी लागल्यावर, आणि घेतला तशी त्याला स्लिप जोडायला टाचणी लावली.

मावशी पलीकडून आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. "टोचू नको गो पोरी त्याला. त्याचं पोट मशीनमदी जातं."

चेकच्या खालच्या कडेला जे आकडे छापलेले असतात, ते म्हणजे पोट. तिथे घडी नको, शिक्का नको, पेनाचा ठिपकासुद्धा नको. मावशी चेक उचलायच्या तो ओला पापड उचलावा तसा, दोन्ही कडांनी. आणि बघायच्या तो आधी तारीख. "आधी दिस बगायचा, मंग नाव, मंग आकडा. आकडा काय, सगलेच बगतात."

मी पाठ केलेले प्रकार मावशींना ठाऊक नव्हते. त्यांचे त्यांचे प्रकार होते. ज्यावर कोपऱ्यात दोन रेघा नाहीत, जो घेऊन कुणीही काउंटरवर पैसे मागू शकतो, तो 'मोकला'. दोन रेघा मारलेला, ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जाणारा, तो 'बांदलेला'. पुढची तारीख घातलेला तो 'पोटुशी', कारण त्याचे दिवस भरायचे असतात. असे चेक त्या एका जाड लिफाफ्यात ठेवायच्या, आणि तो लिफाफा माझ्या टेबलाच्या उजव्या ड्रॉवरमध्ये असे. तारखेला तीन महिने उलटून गेलेला तो 'शिला'. त्यांच्या बोलीत ळ नव्हताच, त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं, त्या कुण्या शीला नावाच्या बाईचा चेक म्हणतायत. मी खात्यांच्या यादीत शीला शोधत बसले होते. ही गोष्ट त्यांनी पुढे वर्षभर चहाबरोबर सगळ्यांना वाढली.

आणि एक होता 'माहेरचा'. लग्नसराई संपली की नव्या नवरीमुली आहेराचे चेक घेऊन यायच्या. खातं नव्या नावाने, चेक जुन्या नावाने. एकीचा तर नुसता 'चि. सौ. कां. पिंकी' असा होता. ती काउंटरवर रडकुंडीला आलेली, सासू मागे उभी.

"अगं, हिचं घरातलं नाव पिंकीच आहे," सासू म्हणाली. "सगळ्या बिल्डिंगला माहितेय."

"बिल्डिंगला माहीत हाय, मशीनला नाय," मावशी म्हणाल्या. "हा माहेरचा हाय. त्याला माहेरी पाठवा, नीट नाव लावून येईल." मग त्या पोरीकडे वळून हळूच, सासूला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आनि तुजं लग्नाआदीचं खातं हाय ना? ते बंद करू नको."

सासूने विचारलं, "का हो?"

"पिंकीचे चेक कुटं टाकायचे मंग?"

मावशी कुणाला घाबरायच्या नाहीत, पण आवाजही चढवायच्या नाहीत. एकदा एक जमीनवाले गृहस्थ आले. बोटात चार अंगठ्या, बाहेर गाडी चालू. त्यांनी चेकवर अक्षरी रक्कम खोडून वर दुसरी लिहिली होती. मावशींनी पेटीच्या तोंडावर हात ठेवला.

"हा परत येईल साहेब. नवीन लिहून घ्या."

"तू शिपाई ना? तुला काय कळतं त्यातलं?"

"मना काय कलत नाय," मावशी म्हणाल्या. "पन मशीन शिकलेली हाय. तिला कलतं."

गृहस्थांनी त्यांचा हात बाजूला सारून चेक टाकलाच. चार दिवसांनी तो परत आला. मावशींनी तो त्यांना दिला आणि बसायला खुर्ची पुढे केली. पुढे ते गृहस्थ आले की आधी मावशींना शोधायचे.

आता टिकल्यांचं. चेक तीन महिनेच चालतो. पूर्वी सहा महिने चालायचा, आणि लोकांच्या डोक्यात सहाच बसलेले होते. त्यामुळे दोन-चार दिवसांत शिळे होतील असे चेक पेटीत रोज एखाद-दुसरे निघायचे. ते गठ्ठ्यात मागे पडू नयेत म्हणून मावशी त्यांच्या स्लिपवर, चेकवर नव्हे, कोपऱ्यात एक टिकली लावायच्या. अंगठ्याने दाबायच्या. "कुंकू लावलेला आदी पाठव." मी टिकलीवाले आधी काढायची आणि त्याच दिवशी वटायला जाणाऱ्या थैलीत घालायची. ही पद्धत कुठल्या नियमात नव्हती. पण मी येण्याआधीची सहा वर्षं आणि नंतरचं एक वर्ष, आमच्या शाखेत एकही चेक हातात शिळा झाला नव्हता.

मावशींची एक इच्छा होती. त्यांना काउंटरच्या आतल्या खुर्चीवर बसायचं होतं. शिपायातून क्लार्क होण्यासाठी बँकेची परीक्षा असायची, दहावी पास लागायची, आणि फाइल स्वच्छ लागायची. मावशींनी चव्वेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. गणितात चांगले, इंग्रजीत काठावर. मी शाखेत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे इंग्रजी शिकायला बसू लागल्या. मी त्यांच्या डब्यातलं सुकटीचं कालवण खायची आणि त्या माझ्याकडून 'प्लीज फाइंड एनक्लोज्ड' लिहून घ्यायच्या. वयाची अट पन्नासची होती. लेखी परीक्षा त्या पास झाल्या तेव्हा एकोणपन्नास वर्षं पूर्ण झाली होती. फक्त मुलाखत राहिली होती, आणि ती संधी शेवटची.

माझीही नोकरी त्या वेळी पक्की नव्हती. एका वर्षानंतर कायम करायचं पत्र यायचं होतं. वडिलांनी मुरबाडला सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

त्याच सुमारास शाखेत नवे साहेब आले. तपासणीची माणसं येणार म्हणून सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले, एक स्लिप उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाले, "हे काय? बँक आहे की हळदीकुंकू?"

सगळे हसले. मीही हसले. मावशी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभ्या होत्या.

साहेब गेल्यावर मी त्या दिवशीच्या दोन-तीन स्लिपांवरच्या टिकल्या नखाने काढल्या. मला कुणी काढायला सांगितलं नव्हतं. मी शिकलेली होते आणि अडाण्यांसारखं दिसायला नको, एवढंच माझ्या मनात होतं. टिकल्या फेकायला हात होईना, म्हणून टेबलाच्या कडेला, खालच्या बाजूने एका ओळीत चिकटवल्या. गठ्ठा पुन्हा लावताना फोन आला, तपासणीवाले आले, मी घाईत काही चेक उजव्या ड्रॉवरच्या लिफाफ्यात सरकवले.

तीन आठवड्यांनी टिटवाळ्याहून शेलारबाई पासबुक भरून घ्यायला आल्या. नवरा वारल्यावर विम्याचा चेक मिळाला होता. सहा महिने चालतो असं समजून त्यांनी तो देवाच्या फोटोमागे ठेवला होता. मावशींनीच त्यांना स्लिप भरून दिली होती आणि सांगितलं होतं, "बरं झालं आज आलात, दोन दिस राहिले होते." पासबुकात तो चेक जमा नव्हता. शोधाशोध झाली. चेक लिफाफ्यात सापडला. पोटुशी चेकांमध्ये, शिळा होऊन.

साहेबांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. शेलारबाई बाहेर बाकावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

"हा चेक टेबलावर कोणी ठेवला?"

"मी," मावशी म्हणाल्या. "दोन दिसांचा होता. मी टिकली लावलेली."

साहेब माझ्याकडे वळले. या वेळी ते हसत नव्हते. "होती का टिकली?"

हा प्रश्न असा होता की एका शब्दात उत्तर देता आलं असतं. मी दोन शब्दांत दिलं.

"नव्हती, सर."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "मंग राहिली असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत बसले आणि हात टेबलाच्या खाली गेला. कडा गुळगुळीत लागली. वाकून पाहिलं. टिकल्या नव्हत्या. आमच्या शाखेत टेबलं पुसायचं काम एकाच माणसाचं होतं.

मावशींना मेमो मिळाला. तो त्यांच्या फाइलला लागला. मुलाखतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी वही काढून बसले, तर म्हणाल्या, "नको आता. डोले दुकतात." मी त्यांना रोज सांगणार होते, साहेबांकडे जाऊन खरं बोलणार होते. आधी माझं पत्र येऊ दे, मग जाते, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पत्र पुढच्या महिन्यात आलं. टपाल वाटायचं काम मावशींचं. त्यांनी लिफाफा माझ्या टेबलावर ठेवला, सहीसाठी रजिस्टर पुढे केलं. मी पेढे आणले. त्यांनी एक घेतला, कागदात गुंडाळला आणि म्हणाल्या, "घरी खाईन, मॅडम."

तोपर्यंत त्या मला गिऱ्हाइकांसमोर मॅडम म्हणायच्या, एरवी पोरी. त्या दिवसापासून फक्त मॅडम.

मी साहेबांकडे गेले नाही. पत्र आल्यावर ते आणखी अवघड झालं होतं. आता खोटं बोलल्याबद्दल कायम झालेली नोकरी जाईल, असं वाटू लागलं. वडील तोवर कँटीन सोडून घरी बसले होते. ही कारणं खरी आहेत. पण ती लिहितानाही मला कळतं आहे की मी ती स्वतःलाच देते आहे.

शेलारबाईंना विमा कंपनीकडून नवा चेक मिळवावा लागला. त्यासाठी बँकेचं पत्र, अर्ज, खेटे. मावशी आपल्या रजेच्या दिवशी त्यांच्याबरोबर दोनदा गेल्या. हे मला शेलारबाईंकडून कळलं. चार महिन्यांनी नवा चेक आला तेव्हा दोघी माझ्या टेबलापाशी आल्या. स्लिप मावशींच्या अक्षरात होती, सगळी इंग्रजीत. माझ्याकडे शिकलेलं इंग्रजी. चेकच्या मागे नाव, खाते नंबर, मोबाइल नंबर, सगळं जागच्या जागी.

शेलारबाई म्हणाल्या, "या होत्या म्हणून झालं हो. बँकेत एक तरी आपलं माणूस पाहिजे."

"हो," मी म्हणाले.

मी शिक्का मारेपर्यंत मावशी तिथून हलल्या नाहीत. स्लिपच्या कोपऱ्यात टिकली नव्हती. त्यानंतर कुठल्याच स्लिपवर नव्हती. तारीख संपत आलेले चेक त्या मला हातात आणून द्यायच्या, वहीत लिहून, माझी सही घेऊन.

दोन वर्षांनी माझी कल्याणला बदली झाली, पुढे मी ऑफिसर झाले. मावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी शाखेत निरोपाचा कार्यक्रम होता, मला बोलावणं होतं. मी तपासणीचं कारण सांगितलं. त्या दिवशी आमच्याकडे तपासणी नव्हती.

आता मी ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या शाखेत आहे. इथे चेक टाकायचं मशीन आहे. चेक आत सरकवला की त्याचा फोटो असलेली पावती बाहेर येते. पेटीही आहे अजून, म्हाताऱ्या माणसांचा मशीनवर विश्वास नाही. मागच्या हिवाळ्यात त्या पेटीतून एक चेक शिळा निघाला. हाताखालची नवी मुलगी पांढरीफटक होऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझीच चूक आहे. मी वाचली नाही तारीख." एवढंच बोलली. तिला काही झालं नाही. मी तिच्यावर रागावूही शकले नाही. त्या रविवारी मी माजिवड्याला गेले.

हायवेच्या पुलाखालून आत वळलं की जुनं गाव अजून आहे. दोन्ही बाजूंना टॉवर, मध्ये बैठी घरं. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात. शेजारी एक बाई पासबुक घेऊन बसली होती. मला पाहून मावशी उठल्या.

"या मॅडम. पाय धुता का? बसा."

शेजारीण पासबुक तिथेच ठेवून चहा टाकायला आत गेली. मावशींनी माझ्या वडिलांची चौकशी केली. ते गेल्याचं सांगितल्यावर म्हणाल्या, "भजी खायची राहिली त्यांच्या हातची."

मी म्हणाले, "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे. शेलारबाईंच्या चेकचं."

त्यांनी हात वर केला. पेटीच्या तोंडावर ठेवायच्या तसा, पंजा उघडा.

"कवाचा हाय तो?"

मला समजलं नाही.

"आनलाय तो चेक कवाचा हाय? आदी दिस बगायचा. शिकवलेलं ना?"

"बारा वर्षं झाली, मावशी."

"मंग?" त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांचा आपन पन परत करायचो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं. बँक चेक परत करते तेव्हा सोबत कारणाची चिठ्ठी देते. मावशींनी कारणही मागितलं नाही आणि दिलंही नाही. चहा आला. त्यांनी माझ्या कपात साखर कमी घातली, मला कमी लागते हे त्यांच्या लक्षात होतं. मी चहा प्यायले.

निघताना त्यांनी शेजारणीच्या पासबुकात ठेवलेला चेक बाहेर काढला. दोन्ही कडांनी धरून, उजेडाकडे करून तारीख पाहिली. "हिचा तुमच्याच बँकेतला हाय. चार दिस राहिलेत. उद्या जाताच हाय, तर टाका."

"देते ना मी."

त्यांनी चष्मा लावला आणि मांडीवर पासबुक ठेवून स्लिप भरली. सावकाश, एकेक अक्षर सुटं. मग आत गेल्या. मला वाटलं, काही खायला बांधून देतायत. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात पाकीट होतं, जुनं, कडा पिवळ्या पडलेलं. त्यातली एक टिकली त्यांनी नखाने सोडवली, स्लिपच्या कोपऱ्यात ठेवली आणि अंगठ्याने दाबली. गोंद जुना झाला होता. त्यांनी बराच वेळ दाबून धरली.

मग स्लिप माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"दिसते ना, मॅडम?"

"दिसते," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि चेक माझ्या हातात दिला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन मी मागे पाहिलं. त्या ओट्यावर बसून शेजारणीला पासबुकातलं काहीतरी बोटाने दाखवत होत्या, आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.